पणजीजवळ घर घ्यायचंय : पर्वरी, ताळगाव, कदंब पठार की थेट फोंडा?

सांजवारा
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचणारी, पण आता घरात रोज रात्री जेवताना याच विषयावरून वाद होतो म्हणून धागा काढतेय. सध्या सांत इनेजला भाड्याने राहतो, घरमालकांना फ्लॅट विकायचाय त्यामुळे उन्हाळ्याच्या आत हलायचं आहे, आणि आता परत भाड्याने नको असं दोघांचंही मत आहे (एवढ्या एकाच मुद्द्यावर एकमत).

परिस्थिती अशी की माझं ऑफिस पाटोला, नवरा वेर्ण्याला औषध कंपनीत, बहुतेकदा जनरल शिफ्ट पण मधेच रात्रपाळी लागते. मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत. सासूबाई आमच्याकडेच असतात, गुडघे दुखतात त्यामुळे लिफ्ट हवीच, आणि त्यांना दर महिन्याला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवायला न्यावं लागतं. बजेट ८० लाख, ओढूनताणून ८५. टू बीएचके पुरे. माहेर साखळीला, सासर पेडण्याला, म्हणजे चवथीला घराला कुलूपच, त्यामुळे मोठा हॉल वगैरे काही नको.

नवऱ्याला पर्वरी हवंय कारण मित्र सगळे तिथे. मला कदंब पठार आवडलं, वारा छान आहे. सासूबाई म्हणतात फोंडा. कोण कुठे राहतं, काय अनुभव, जरा मोकळेपणाने सांगा. एजंट लोकांनी कृपया व्यनि करू नये.

रापणकार
८० लाखात ताळगावात टू बीएचके मिळेल की! तिसरा मजला, लिफ्ट नाही, बिल्डिंग जुनी, आणि समोर जे हिरवं शेत दिसतंय त्यावर पुढच्या वर्षी काय उभं राहील ते देवालाच ठाऊक. करंजाळे, मिरामार, दोनापावला यांची नावं यादीतून आत्ताच खोडा म्हणजे वेळ वाचेल. मी स्वतः करंजाळ्याचा, वडिलोपार्जित घर म्हणून राहतोय, आज विकत घ्यायचं म्हटलं तर माझ्याच अंगणातली तुळस परवडणार नाही.

पर्वरीवाला
ताई, नवऱ्याचं ऐका. पर्वरीला काय नाही सांगा. विधानसभा आहे, हायकोर्टाची नवी इमारत इथेच, शाळेसाठी विद्या प्रबोधिनीचं संकुल, गोमंतक मराठी अकादमीचं मराठी भवन, म्हणजे मुलाला मराठी कानावर पडेल. भाजी, मासळी, औषधं सगळं पायाखाली. अटल सेतू २०१९ ला झाल्यापासून म्हापशाकडून मडगावला जाणाऱ्या गाड्या वरून निघून जातात, त्यामुळे जुन्या पुलावर पूर्वीसारखं दोन दोन तास अडकणं नाही. आणि सुकूर, ब्रिटोना, पेन्ह द फ्रान्सच्या बाजूला आत शिरलात की अजूनही गाव आहे, सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न ऐकू येतो.

हायवेवर उड्डाणमार्गाचं काम चालू आहे त्याचा त्रास आहे, नाकारत नाही. धूळ, डायव्हर्जन, सगळं आहे. पण ते कधीतरी संपेल ना.

तिसवाडी_एक्सप्रेस
"कधीतरी संपेल" हे वाक्य गोव्यातल्या प्रत्येक रस्त्याच्या बोर्डावर लिहून ठेवायला हवं.

सांजवारा, मला वाटतं सगळे गाव आधी बघतायत, नदी कोणी बघत नाहीये. तुमच्या घरात दोन नोकऱ्या, एक पणजीत आणि एक वेर्ण्याला. पर्वरीला घर घेतलंत तर तुम्ही रोज मांडवी ओलांडणार आणि नवरा रोज मांडवीही ओलांडणार आणि जुवारीही. जाताना दोन, येताना दोन. मांडवीचा पूल १९८६ च्या जुलैत कोसळला तेव्हा माझे वडील म्हापशाहून पणजीला फेरीबोटीने कामाला यायचे, त्या रांगांच्या गोष्टी आमच्या घरात अजून सांगतात. आता तीन पूल आहेत, तसं काही होणार नाही, पण एक ट्रक पुलावर बंद पडला की काय होतं ते पर्वरीवाल्यांना विचारा, खासगीत सांगतील.

उलट मांडवी आणि जुवारीच्या मधे राहिलात, म्हणजे तिसवाडीतच, तर तुम्हाला एकही नदी नाही आणि त्यांना एकच. आणि जुवारीचा नवा पूल २०२२ च्या डिसेंबरात अर्धा आणि वर्षभराने पूर्ण सुरू झाल्यापासून कुठ्ठाळीच्या वाहतूक कोंडीची ती जुनी बोंब गेली. त्यामुळे मेरशी, सांताक्रुझ, बांबोळी, गोवा वेल्हा, पिलार हा पट्टा बघा. गोमेकॉ बांबोळीलाच. मुलाला कुजिराच्या संकुलात मुष्टिफंड, हेडगेवार या शाळा आहेत, त्याही बांबोळीच्या अंगालाच. रात्रपाळीहून नवरा पहाटे येतो तेव्हा दोन पूल नि पर्वरीचं डायव्हर्जन पार करून येण्यापेक्षा हे बरं.

पर्वरीवाला
खासगीत कशाला, उघड सांगतो, त्रास आहे. पण वेर्णा प्रकरण मी नीट वाचलं नव्हतं, वेर्ण्याला रोज जायचं असेल तर हो, पर्वरी लांब पडेल. तरी मित्रांचं काय करायचं ते नवऱ्याला विचारा. 😄

शेवंतीची_वेणी
कदंब पठारावर राहते मी, म्हणून लिहिते. वारा छान आहे हे खरं, आणि तोच वारा जुलैत पावसाला आडवा घेऊन येतो. पश्चिमेकडच्या बेडरूमची भिंत दर पावसाळ्यात ओली होते, कपाट भिंतीपासून लांब ठेवावं लागतं, नाहीतर साड्यांना बुरशी. बिल्डरने दोनदा रंग मारून दिला, रंगाने पाणी थांबतं होय?

चांगलं असं की हवा मोकळी, पणजीत जायला बगलरस्ता सरळ, करमळी रेल्वे स्टेशन जवळ, रात्री शांत. वाईट असं की चालायला फुटपाथ नाही, कोथिंबीर संपली तरी गाडी काढावी लागते. सासूबाई संध्याकाळी पाय मोकळे करायला कुठे जाणार? कॉम्प्लेक्सच्या आतच फेऱ्या मारायच्या. बस हायवेवर मिळते, आत यायला पायलट (भाड्याची मोटरसायकल) शोधावा लागतो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला आणि त्याआधी नोव्हेनाच्या दिवसांत गर्दी असते, पण ती वर्षातून एकदाच, सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाचं वर्ष असलं तर मात्र विचारू नका. शिवाय जवळच बायंगिणीला कचरा प्रकल्प करायचा बेत वर्षानुवर्षं चाललाय, लोकांचा विरोध आहे, काय होतं ते बघायचं.

आणि अजून एक, जे ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री निम्म्या खिडक्या अंधारात असतात. मालक दिल्ली-मुंबईचे, वर्षातून आठवडाभर येतात किंवा फ्लॅट दिवसाच्या भाड्याने देतात. दर शुक्रवारी नवी माणसं, लिफ्टमध्ये ओल्या पायांची वाळू. मुलाला खेळायला शेजारी पोरं हवीत ना? फ्लॅट बघायला गेलात की संध्याकाळी साडेसातला जा आणि किती घरांत दिवे आहेत ते मोजा.

पुणेरी_पाहुणा
मध्येच घुसतो त्याबद्दल क्षमस्व. मीही कदंब पठारावरच बघतोय, वीकेंड होम म्हणून, उरलेल्या दिवसांत भाड्याने दिला की हप्ता निघतो असं एजंट म्हणतो. कोणाला अनुभव?

रापणकार
ताईंच्या पोस्टच्या खाली लगेच हे विचारायला धाडस लागतं, मानलं.

शेवंतीची_वेणी
दादा, तुमच्यावर वैयक्तिक राग नाही, पण ती लिफ्टमधली वाळू म्हणजे तुमचेच पाहुणे. दिवसाच्या भाड्याने द्यायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, आणि सोसायटीचे नियमही आधी वाचा. वेगळा धागा काढा, इथे ताईंचं चालू द्या.

कुळागर
सासूबाईंचं म्हणणं कोणी ऐकतच नाहीये म्हणून मी बोलतो. वय झालंय, तेव्हा थोडं लांबण लावीन.

फोंड्याला ८० लाखात माणसासारखा फ्लॅट मिळतो, कुर्टी किंवा ढवळीच्या बाजूला बजेट उरेलसुद्धा. बाजार भरगच्च, राजीव गांधी कला मंदिरात नाटकं, मंगेशी म्हार्दोळ रामनाथी कवळे सगळं जवळ, म्हाताऱ्या माणसाचा दिवस कसा जाईल याची चिंता नाही. पणजीला जे पाणी जातं ते आमच्या ओप्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून जातं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाईपलाईन फुटली तेव्हा पणजीकर टँकरच्या रांगेत उभे होते ते आठवत असेल.

आणि वेर्ण्याचं म्हणाल तर फोंड्याहून बोरीच्या पुलावरून लोटलीमार्गे वेर्णा, पणजीत शिरायचंच नाही. पर्वरीहून जाण्यापेक्षा कितीतरी सोपं. हे तिसवाडीवाल्यांनी लिहिलं नाही.

तिसवाडी_एक्सप्रेस
काका, मान्य, नवऱ्याचं सुटलं. पण ताईंचं काय? कुंडई, भोम, बाणस्तारी. भोमला रस्ता गावाच्या पोटातून जातो, रुंदीकरणाला गावाचा विरोध आहे आणि तो का आहे तेही कळतं, घरं-देवळं जाणार. म्हणजे तो अरुंद तुकडा लगेच सुटत नाही. संध्याकाळी सहाला पाटोहून निघून फोंड्याला घरी पोचेपर्यंत पोराचा गृहपाठ सासूबाईच करून घेणार. फोंडा ज्याची नोकरी फोंडा, कुंडई, वेर्णा, त्याच्यासाठी उत्तम.

कुळागर
गृहपाठ आजीनेच घ्यावा, आमच्या वेळी असंच होतं. पण मुद्दा बरोबर आहे, रोजचं येणं-जाणं बाईमाणसाला जड जाईल.

सांजवारा
"बाईमाणसाला" नाही काका, कोणालाही जडच जाईल. 😊 पण सगळ्यांना देव बरें करूं, एवढं कोणी समजावलं नव्हतं. नदीचा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला, तो पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला मेरशी बघू. मेरशीला एक नवीन प्रोजेक्ट आहे, पणजीला अगदी लागून, बजेटमध्ये बसतोय. काय मत?

चिरेबंदी
सिव्हिलवाला आहे, मेरशीबद्दल थोडं. मेरशीला कुठे, हे महत्त्वाचं. वरच्या अंगाला असेल तर ठीक. खाली खाजनाच्या बाजूला असेल तर आधी चार गोष्टी बघा. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांद घालून राखलेली जमीन, मानशीच्या दारांनी पाणी आत-बाहेर करायचं, पूर्वजांनी ते शेतीसाठी केलं होतं, सहा मजल्यांसाठी नाही. भराव घातला की पाणी कुठेतरी जाणारच, ते शेजारच्या जुन्या घरांत जातं किंवा तुमच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये येतं. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पणजीत १८ जून रस्त्यावर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय, कारण तेच, पाण्याला बाहेर जायला वाट नसते.

गोव्यात पाऊस इंचांत मोजतात, आणि इंचांची शंभरी गाठणं इथे काही नवल नाही. म्हणून फ्लॅट जुलै-ऑगस्टमध्ये बघणं उत्तम, पण तुम्हाला उन्हाळ्याआधी हवाय तर खुणा बघा. स्टिल्टच्या खांबांवर खालून एक-दीड फुटावर मातकट रेघ आहे का. बाथरूमच्या डक्टमध्ये मोबाईलचा टॉर्च मारून बघा, पाईपच्या सांध्याखाली हिरवं-काळं दिसलं तर गळती. सगळ्यात वरचा मजला असेल तर गच्चीवर जा. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर ती परवानगीने आहे की नंतर ठोकलीय ते विचारा, बहुतेक वेळा स्लॅब गळायला लागल्यावरच ती येते. वॉर्डरोबच्या आतली मागची बाजू हाताने चाचपा, मालक भिंतीला रंग देतो पण कपाटाच्या मागे कोणी देत नाही.

पणजी शहर सोडलं तर बहुतेक ठिकाणी अजून सेप्टिक टँक आणि सोक पिटच (सांडपाणी जमिनीत मुरवणारे खड्डे) आहेत. कॉम्प्लेक्समध्ये विहीर किंवा बोअर असेल तर सोक पिटपासून किती लांब आहे बघा. पाणी नळाचं किती वाजता येतं, खालची टाकी किती लिटरची, टँकर कोण मागवतं आणि पैसे कोण देतं, हे वॉचमनला विचारा, बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीला नको. वॉचमन खरं सांगतो.

रापणकार
वॉचमनला एक चहा पाजा, जास्त सांगतो.

चलता_नंबर
बऱ्याच वेळापासून वाचतोय. सगळे वारा, पूल, पाणी बोलतायत, कागद कोणी काढत नाहीये. मी या क्षेत्रातला आहे पण इथे लिहितो ते सल्ला म्हणून धरू नका, स्वतःचा वकील करा, आणि बिल्डरने सुचवलेला नको, बँकेचा तर अजिबात पुरेसा नाही. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो, तुमचं घर नव्हे.

गोव्यात खरेदी म्हणजे पुण्या-मुंबईसारखं नाही. इथे पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, अगदी वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं तरी विकताना बायकोची सही लागतेच. आणि जमीन वडिलांच्या नावावर असून ते वारले असतील तर सगळी मुलं, मुलीसुद्धा, आणि त्या सगळ्यांचे नवरे-बायका, यांच्या सह्या किंवा इन्व्हेंटरीचा (कोर्टातल्या वारसा-वाटणीचा) निकाल किंवा वारसाचं डीड. एक बहीण लिस्बनला, एक भाऊ आखातात, अशी स्थिती घरोघरी आहे. "बाकीचे मान्य आहेत, सही नंतर देतील" हे ऐकलं की उठून यायचं.

फ्लॅट असला तरी खालची जमीन बघायचीच. गावात असेल तर सर्व्हे नंबर आणि फॉर्म एक-चौदा (आपला गोव्याचा सातबारा), शहरात असेल तर पी. टी. शीट (शहर मोजणीचा नकाशा) आणि चलता नंबर (माझ्या आयडीवर हसणाऱ्यांसाठी हा खुलासा). एक-चौदावर नुसतं मालकाचं नाव बघून थांबू नका. कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना बघा. तिथे मुंडकाराचं (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला घराचं संरक्षण आहे, तो निघत नाही आणि निघूही नये. कुळाची शेती असेल तर १९९१ चा कायदा सांगतो की ती शेतीच राहिली पाहिजे. जमीन कोमुनिदादची (जुन्या गावसंस्थेची) निघाली तर वेगळीच कथा.

मग रूपांतराची सनद (शेतजमीन बिगरशेती केल्याची), नगरनियोजनची मंजुरी, पंचायतीचा बांधकाम परवाना, कम्प्लिशन, आणि शेवटी ऑक्युपन्सी (राहण्यायोग्य असल्याचा दाखला). ऑक्युपन्सी नसलेल्या फ्लॅटमध्ये लोक राहतात, वीजही मिळवतात, पण विकताना नि कर्ज घेताना अडकतात. झोनसाठी प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये तो सर्व्हे नंबर सेटलमेंट (वस्तीचा) आहे की ऑर्चर्ड (बागायतीचा) आहे ते बघा. जर कोणी म्हणालं की नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली झोन "दुरुस्त" करून घेतलाय, तर जास्तच सावध, त्या कलमाखालचे नियम हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये रद्द केलेत.

नवीन प्रोजेक्ट असेल तर गोवा रेराच्या (बिल्डरांवरच्या नियामक प्राधिकरणाच्या) साईटवर नंबर टाकून बघा. करार नोंद केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि ताब्यानंतर ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी त्याची. शेवंतीताई, तुमच्या भिंतीला ५ वर्षं झाली का?

शेवंतीची_वेणी
नाही झाली अजून. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. लेखी तक्रार करायची का?

चलता_नंबर
लेखीच, रजिस्टर्ड पोस्टाने, फोटो तारखेसकट. कळवल्यापासून ३० दिवसांत त्याने फुकट दुरुस्त करायचं, नाही केलं तर भरपाई मागता येते. रंग म्हणजे दुरुस्ती नव्हे असंही लिहा.

हप्तेवाली
बँकेत आहे, पैशांचं एक सांगते कारण ८० लाख बजेट म्हणताना लोक ८० चाच फ्लॅट बघतात. कर्ज ३० ते ७५ लाखांच्या मधलं असेल तर किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं, म्हणजे ८० च्या फ्लॅटला ६४, बाकी १६ तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यावर वेगळं आणि ते किमतीत धरत नाहीत, खिशातूनच जातात, आणि गोव्यात नोंदणी फी काही स्वस्त नाही. बांधकाम चालू असलेल्याला ५ टक्के जीएसटी, ऑक्युपन्सी मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी नाही. ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा. त्यात ग्रिल, पंखे, किचन, मेंटेनन्स डिपॉझिट. त्यामुळे ८० बजेट असेल तर ७० च्या आसपासचेच बघा असं माझं स्पष्ट मत.

आणि इथे भाव चौरस मीटरमध्ये सांगतात, १ चौरस मीटर म्हणजे साधारण पावणेअकरा चौरस फूट. कोणी "११० मीटर" म्हणालं की लगेच विचारा, कार्पेट की सुपर बिल्टअप? रेराप्रमाणे कार्पेटवरच विकायचं असतं, तरी तोंडी सगळे सुपरच सांगतात. जिना, लॉबी, लिफ्ट सगळं त्यात घालून.

सांजवारा
बाप रे. ७० म्हणजे मेरशीचा नवीन गेलाच, जीएसटी धरून. शिवाय चिरेबंदी दादांनी सांगितलेली रेघ... प्रोजेक्ट नवीन असल्यामुळे खांबावर काही नव्हतं, पण शेजारच्या जुन्या घराच्या कुंपणावर होती. घरातल्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, "पावसांत हांगा उदक येता, पयलीं येनाशिल्लें." खाली भराव घातल्यापासून.

आता जुने, म्हणजे रीसेलचे बघायला लागलोय. दोन आवडलेत. एक सांताक्रुझला, दुसरा मजला, लिफ्ट आहे, बिल्डिंग बारा-तेरा वर्षांची, पार्किंग उघड्यावर. दुसरा गोवा वेल्ह्याला, हायवेपासून थोडा आत, मोठा, मागे माड आणि शेत, भाव कमी. नवऱ्याला दुसरा आवडलाय कारण वेर्णा दहा-पंधरा मिनिटं म्हणतोय.

तिसवाडी_एक्सप्रेस
दोन्ही चांगल्या जागा. गोवा वेल्ह्याहून तुमच्यासाठी एकच अडचण, कदंब महामंडळाची (सरकारी) पणजी-मडगाव शटल मधे थांबत नाही, खासगी बसच पकडायची, सकाळी ती आगशीपासून भरून येते आणि संध्याकाळी आठनंतर मोजक्याच. पण पणजी बसस्थानकावर उतरलात की पाटो चालत, स्कूटर लावायची कटकट नाही. सांताक्रुझहून स्कूटरने दहा मिनिटांत. सासूबाईंना गोमेकॉ दोन्हीकडून सारखंच जवळ. चाळीस दिवसांच्या उपवासात गोवा वेल्ह्याला संतांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बघण्यासारखी असते, तेवढा दिवस गाडी बाहेर काढू नका.

पर्वरीवाला
गोवा वेल्ह्याला शेत मागे आहे म्हणताय, त्या शेताचा झोन बघा वकीलसाहेबांच्या पद्धतीने. नाहीतर दोन वर्षांनी मागे माड नाही, दुसऱ्याचं किचन दिसेल.

सांजवारा
बघितला. त्या शेताच्या एक-चौदावर कुळाचं नाव आहे, म्हणजे निदान कायद्याने तरी शेतच. आता खरा प्रश्न. गोवा वेल्ह्याचा मालक म्हणजे नवरा-बायको, दोघंही इंग्लंडला, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेत. त्यांचा भाऊ इथे आहे, त्याच्याकडे मुखत्यारपत्र आहे म्हणतो, फक्त नवऱ्याने दिलेलं. टोकन आठवड्याभरात द्या म्हणून मागे लागलाय, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणे.

चलता_नंबर
थांबा. टोकन देऊ नका.

पहिलं, वर लिहिलंय ते, बायकोची सही. तिचंही मुखत्यारपत्र हवं, आणि त्यात "विक्री करणे, करार सही करणे, नोंदणीपुढे हजर होणे, पैसे स्वीकारणे" हे शब्द स्पष्ट असायला हवेत. नुसतं "मालमत्तेची देखभाल" लिहिलेलं चालत नाही. तिकडच्या नोटरीपुढे करून अपोस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) किंवा आपल्या हाय कमिशनमध्ये साक्षांकित, आणि भारतात आल्यावर ३ महिन्यांच्या आत मुद्रांक. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो म्हणजे मुखत्यारपत्र नव्हे.

दुसरं, आणि यात गोव्यात फार लोक फसतात. तो १ टक्का टीडीएस विक्रेता इथला रहिवासी असेल तरच. विक्रेता परदेशस्थ असेल तर दर बराच जास्त, आणि कमी दराचं प्रमाणपत्र त्याने आयकर खात्याकडून आणलं नसेल तर तो पूर्ण विक्री किमतीवर कापतात. तुम्ही चुकून १ टक्काच कापलात तर उरलेली रक्कम व्याजासकट आयकर खातं तुमच्याकडून वसूल करतं, ते इंग्लंडात आणि तुम्ही गोवा वेल्ह्यात. भावाला सांगा, आधी दोघांची मुखत्यारपत्रं आणि ते प्रमाणपत्र, मग टोकन. सीए गाठा.

हप्तेवाली
हे अगदी खरं. आणि पैसे भावाच्या खात्यात जाणार नाहीत, मालकाच्याच एनआरओ (अनिवासींच्या) खात्यात जातील, बँक तसंच करते. भाऊ "माझ्या खात्यात टाका, मी बघतो" म्हणाला तर तिथेच थांबायचं.

रापणकार
दुसरं गिऱ्हाईक मीच असेन, त्याला सांगा मी काही घाईत नाही.

सांजवारा
😄 तंतोतंत तेच म्हणाला होता, माझ्या खात्यात टाका. सीएंना विचारलं, त्यांनीही वकीलसाहेबांचंच सांगितलं. भावाला निरोप दिलाय, दोघांचे कागद आणि प्रमाणपत्र आलं तर बोलू. तो जरा रागावला. सासूबाई म्हणाल्या रागावू दे.

तोवर सांताक्रुझचा पुढे नेतोय. मालक दोघंही इथेच, म्हापशाला राहतात, ऑक्युपन्सी आहे, सोसायटी रजिस्टर आहे, वकिलांकडे कागद दिलेत. संध्याकाळी साडेसातला जाऊन दिवेही मोजले, दोन सोडून सगळीकडे होते, आणि खाली पोरं क्रिकेट खेळत होती. चिरेबंदी दादा, शनिवारी सकाळी येऊन एकदा बघाल का? तुमची जी फी असेल ती.

चिरेबंदी
फी नको, मी सांताक्रुझहूनच जातो शनिवारी. फक्त दोन बादल्या पाणी गच्चीवर ओतायला परवानगी घेऊन ठेवा, खालच्या सीलिंगवर बघायचंय. उघड्या पार्किंगचं हरकत नाही, पण जागा तुमच्या नावे कागदावर आहे की "सगळे लावतात" आहे ते विचारा.

तिसवाडी_एक्सप्रेस
आणि गच्चीची किल्ली आदल्या दिवशीच मागून ठेवा. वॉचमनकडे नसते, सेक्रेटरीकडे असते, आणि सेक्रेटरी शनिवारी सकाळी मासळी बाजारात असतो.